शिंद्यांचा कंपू आणि रोमचा शताधिपती

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात ‘कंपू’ नावाची एक वस्ती आहे. त्याच भागात ‘शिंदे की छावनी’ आहे. हरिशंकरपुरम्‌सारख्या अलीकडच्या वसाहतींत राहणारी माणसे कामानिमित्त तिकडे जातात, ही नावे रोज उच्चारतात आणि त्यांत काही नवल आहे असे कोणास वाटत नाही. वस्तुतः लष्कर, छावणी आणि कंपू ही तिन्ही नावे फौजेचीच आहेत. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपला तळ ठोकला. तो तळ पुढे हललाच नाही. राहुट्यांच्या जागी घरे आली, बाजार भरले, देवळे उभी राहिली आणि फौजेच्या तळाचे नगर झाले. नाव मात्र लष्कर हेच राहिले.

जगाच्या इतिहासात हा प्रकार नवा नव्हे. रोमन लोक छावणीला लॅटिन भाषेत ‘कास्त्रा’ म्हणत. इंग्लंडातील चेस्टर, मँचेस्टर, लँकेस्टर या शहरांच्या नावांत तो शब्द आजही ऐकू येतो. कारण ही शहरे रोमन फौजांच्या ठाण्यांवर वाढलेली आहेत. ‘कंपू’चे मूळही त्याच भाषेत सापडते. लॅटिनमध्ये ‘कांपुस’ म्हणजे मोकळे मैदान. रोम शहराबाहेर टायबर नदीच्या काठी मार्स या युद्धदेवतेच्या नावाचे असे एक मैदान होते आणि तेथे रोमचे तरुण शस्त्रांचा सराव करीत. तो शब्द पोर्तुगीज व इंग्रज यांच्या भाषांतून फिरत फिरत मराठीत आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या मुलखात युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेल्या पायदळाला ‘कंपू’ म्हणू लागले. पुढे फौज गेली आणि मराठीत कंपू म्हणजे कारस्थानी लोकांची टोळी एवढाच अर्थ उरला.

शब्दाबरोबर विद्याही आली होती. ती विद्या कोठे जन्मली, कोणत्या वाटेने उत्तर हिंदुस्थानात पोहोचली, आणि शिंद्यांच्या शिपायांनी ती उत्तम आत्मसात करूनही १८०३ साली त्यांचा पराभव का झाला, हा प्रश्न आजही विचार करण्याजोगा आहे.

प्राचीन ग्रीसमध्ये लढाईला उभा राहणारा नागरिक स्वतःच्या खर्चाने शस्त्रे घेऊन येई. सुमारे दोन-अडीच मीटर लांबीचा भाला, डोक्याला काशाचे शिरस्त्राण आणि डाव्या हातावर जवळजवळ तीन फूट व्यासाची वाटोळी ढाल, असा त्याचा सरंजाम असे. असे शेकडो लोक खांद्याला खांदा लावून बहुधा आठ रांगा खोल उभे राहत. या दाट फळीला ‘फॅलँक्स’ म्हणत. ढालीचा अर्धा भाग धरणाऱ्याचे रक्षण करी आणि अर्धा त्याच्या डावीकडच्या माणसाचे. म्हणून ढाल टाकून पळणे हा ग्रीकांमध्ये सर्वांत लाजिरवाणा अपराध मानला जाई. पळणारा केवळ स्वतःचा जीव वाचवीत नसे, तर शेजाऱ्याला उघड्यावर टाकीत असे. थुसिडिडीझ या इतिहासकाराने इ. स. पूर्व ४१८ मधील मँटिनियाच्या लढाईच्या निमित्ताने एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. चालून जाताना प्रत्येक फळी हळूहळू उजवीकडे सरकते. कारण प्रत्येकजण भीतीने उजवीकडच्या सोबत्याच्या ढालीआड शिरू पाहतो. मनुष्यस्वभावाचे इतके बारीक निरीक्षण रणभूमीवरच होऊ शकते.

या फळीत वैयक्तिक शौर्याला फारसा वाव नव्हता. एकत्र उभे राहणे हेच शौर्य होते. त्यासाठी सरावाची गरज होती. बहुतेक ग्रीक नगरांत तो जुजबीच असे. स्पार्टामध्ये मात्र मुलगा सात वर्षांचा झाला की त्याचे शिक्षण राज्य आपल्या हाती घेई. बासरीच्या सुरावर पावले टाकीत शांतपणे चालून येणारी स्पार्टाची फळी पाहूनच समोरच्यांचे धैर्य गळे. पण कवायतीलाही तोड निघतेच. इ. स. पूर्व ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या मैदानावर थीब्जचा सेनापती एपॅमिनॉण्डस याने आपली डावी बाजू पन्नास रांगा खोल केली आणि स्पार्टाचा अजिंक्यपणा एका दिवसात संपवला. त्यानंतर मॅसिडोनच्या फिलिपने भाल्याची लांबी सुमारे सतरा-अठरा फुटांवर नेली. त्याच भाल्यांचे रान घेऊन अलेक्झांडर इ. स. पूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसासमोर उभा राहिला.

फॅलँक्सचा दोष असा की ती सपाट जमिनीवरच चाले. जमीन उंचसखल झाली, फळीत फट पडली, की लांब भाला हे हातातले ओझे ठरे. रोमन लोकांनी हा दोष ओळखून आपली सेना निराळ्या रीतीने बांधली. त्यांच्या ‘लीजन’मध्ये, पॉलिबिअसच्या वर्णनानुसार, सुमारे ४२०० पायदळ आणि ३०० स्वार असत. जड पायदळाच्या तीन ओळी असत. पहिल्या ओळीत तरुण, दुसरीत भर वयातले आणि तिसरीत अनुभवी. प्रत्येक ओळ लहान लहान तुकड्यांत विभागलेली असे व तुकड्यांमध्ये मोकळी जागा सोडलेली असे. बुद्धिबळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या घरांप्रमाणे पुढच्या ओळीतील मोकळ्या जागेमागे मागच्या ओळीची तुकडी उभी राही. दमलेली ओळ मागे येई, ताजी पुढे जाई. शस्त्र म्हणजे आधी फेकायचा जड भाला आणि मग भोसकण्याची आखूड तलवार.

प्रशिक्षण कठोर असे. नवख्या शिपायाला लाकडी तलवार आणि वेताची ढाल देत. दोन्ही खऱ्या शस्त्राच्या दुप्पट वजनाची. जमिनीत रोवलेल्या खांबाला शत्रू समजून तो सकाळ-संध्याकाळ वार करी. उन्हाळ्यात पाच तासांत वीस रोमन मैल चालणे हा नेहमीचा पल्ला होता. मुक्कामाला पोहोचल्यावरही विश्रांती नसे. प्रथम खंदक खणायचा, मातीचा बांध घालायचा, खुंट रोवायचे. प्रत्येक छावणीचा आराखडा एकच असल्याने अंधारातही शिपायाला आपला तंबू सापडे. एका तंबूत आठ जण राहत, एकाच जात्यावर दळत, एकत्र जेवत. लॅटिन भाषेत सैन्याला जो ‘एक्झर्सितुस’ हा शब्द आहे, त्याचा अर्थच मुळी ‘सराव दिलेले लोक’ असा होतो. ज्याचा सराव नाही तो जमाव. त्याला ते सैन्य म्हणायलाच तयार नव्हते.

परंतु रोमच्या सामर्थ्याचा खरा आधार शस्त्रांपेक्षा एका माणसात होता. त्याचे नाव ‘सेंचुरियन’. मराठी ‘नव्या करारा’त ज्याला शताधिपती म्हटले आहे, तोच हा. नावात शंभर असले तरी पुढील काळात त्याच्या हाताखाली साधारण ऐंशी माणसे असत. हातात द्राक्षवेलीची काठी, शिरस्त्राणावर आडवा तुरा. लढाईत तो पुढे असे आणि म्हणून मरणाऱ्यांतही तो पुढे असे. बहुतेक शताधिपती साध्या शिपायांतून वर चढलेले असत. पॉलिबिअस सांगतो की या जागेसाठी रोमन लोक साहसी माणसापेक्षा स्थिर बुद्धीचा, दडपण आले तरी जागा न सोडणारा माणूस पसंत करीत. सेनापती दरसाल बदलत. पुष्कळदा ते सामान्य बुद्धीचेही असत. शताधिपती मात्र तेच राहत, आणि सेना त्यांच्यामुळे टिके.

अशा सेनेत मधल्या फळीतला अधिकारी स्वतः विचार करू शके. याचे ठळक उदाहरण इ. स. पूर्व १९७ मधील किनोसेफालाईच्या लढाईत दिसते. मॅसिडोनची उजवी बाजू टेकडीवरून उतरत रोमनांना मागे रेटत होती. दुसऱ्या टोकाला रोमन विजयी होत होते. त्या विजयी बाजूच्या एका अधिकाऱ्याने कोणाच्या हुकमाची वाट न पाहता वीस तुकड्या वळवल्या आणि शत्रूच्या यशस्वी फळीवर पाठीमागून आदळवल्या. लांब भाले घेतलेल्यांना मागे वळताच येईना. लढाई तेथेच संपली. इतका मोठा निर्णय घेणाऱ्या त्या अधिकाऱ्याचे नाव इतिहासाने नोंदवलेले नाही.

रोमचे साम्राज्य गेले, पण ही विद्या पोथ्यांत राहिली. सोळाव्या शतकात बंदुकीचा प्रसार झाल्यावर तिची पुन्हा आठवण झाली. तेव्हाची बंदूक भरण्यास फार वेळ लागे. एक फैर झाडल्यावर शिपाई तितका वेळ निःशस्त्रच असे. डिसेंबर १५९४ मध्ये हॉलंडमधील एक सरदार विल्यम लुई याने आपला चुलतभाऊ मॉरिस याला पत्र लिहून एक युक्ती सुचवली. एलियन या प्राचीन लेखकाच्या सेनाशास्त्रावरील ग्रंथात रांगा मागेपुढे करण्याच्या ज्या हालचाली दिल्या आहेत, त्या बंदुकधाऱ्यांना लावाव्यात. पहिल्या रांगेने फैर झाडून मागे जावे, दुसरीने पुढे यावे, म्हणजे मारा अखंड चालेल. मॉरिसने त्यावरून डच सैन्याची कवायत बसवली. हालचाली मोजून ठरवल्या, प्रत्येकीला हुकमाचा शब्द दिला. ही पद्धत हॉलंडहून साऱ्या युरोपात पसरली. ज्या ग्रंथावर दीड हजार वर्षांची धूळ बसली होती, तो असा पुन्हा मैदानात उतरला.

हिंदुस्थानात तिचा पहिला धक्का १७४६ साली बसला. मद्रासजवळ अड्यार नदीवर फ्रेंचांच्या सुमारे हजारभर लोकांनी अर्काटच्या नबाबाच्या दहा हजारांच्या फौजेला उधळून लावले. या हजारांत बहुसंख्य हिंदी शिपाईच होते. म्हणजे गोऱ्या रक्ताचा येथे काही प्रश्न नव्हता. प्रश्न कवायतीचा होता, हे डोळस माणसाला त्याच दिवशी कळण्यासारखे होते.

मराठ्यांना शिस्त नवी होती असे मात्र समजू नये. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या फौजेची जी रचना दिली आहे, ती वाचताना रोमच्या लीजनची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पायदळात सुमारे दहा माणसांवर नाईक, पाच नाइकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर हजारी, अशी ती शिडी होती. वेतन ठरलेले आणि शक्य तो रोख. दसऱ्याला फौज बाहेर पडे, पावसाळ्यात छावणीस येई. बरोबर बायका किंवा कुणबिणी नेण्याची सक्त मनाई. पुढे राज्य पसरले, सरंजाम वाटले गेले, लांब पल्ल्याच्या घोडदळाला महत्त्व आले आणि ही शिडी मोडली. शिलेदार आपले घोडे घेऊन येई आणि ते मेले तर आपले नुकसान होईल या भयाने भिडून लढण्यास कचरे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी रोहिल्यांची फळी फोडली, हे महादजी शिंद्यांनी पाहिले. त्या पलटणींना घोडदळाची साथ मिळाली नाही, हेही त्यांनी पाहिले. त्याच दिवशीच्या जखमेने त्यांचा पाय कायमचा अधू झाला. पुढे १७८० साली पॉपहॅम या इंग्रज अधिकाऱ्याने रात्रीच्या वेळी शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. अभेद्य म्हणून ज्याची ख्याती, तो किल्ला थोड्याशा शिस्तबद्ध लोकांनी एका रात्रीत काबीज केला. महादजींच्या मनावर या गोष्टीचा खोल ठसा उमटला असल्यास नवल नाही. साल्बाईच्या तहानंतर हात मोकळे होताच १७८४ साली त्यांनी बेन्वा द बॉइन्य या सव्हॉयच्या माणसाला नोकरीस घेतले. मराठी कागदांत हाच ‘डिबाईन’ म्हणून येतो.

द बॉइन्यचा जन्म १७५१ साली शाँबेरी येथे झाला. फ्रान्सच्या आयरिश पलटणीत, नंतर रशियाच्या सैन्यात आणि मद्रासेस कंपनीच्या पलटणीत त्याने नोकरी केली होती. महादजींनी त्याला प्रथम ८५० माणसांच्या दोन पलटणी उभारण्यास सांगितले. १७८७ साली लालसोटच्या संग्रामात बादशाही पलटणी शत्रूला जाऊन मिळाल्या. पण द बॉइन्यच्या दोन पलटणी राठोडांच्या घोड्यांपुढे ठाम उभ्या राहिल्या. महादजींना हवे होते ते प्रमाण मिळाले. १७९० साली दहा पलटणींचा पहिला कंपू तयार झाला. पुढील तीन वर्षांत दुसरा व तिसरा झाला. आग्र्यास सँग्स्टर या स्कॉच कारागिराच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका तयार होऊ लागल्या. खर्चासाठी दोआबातील परगणे तोडून दिले आणि पगार वेळच्या वेळी मिळू लागला. जखमी झालेल्याला भरपाई आणि कायमचा जायबंदी झालेल्याला निर्वाहाचे साधन, ही व्यवस्था त्या काळच्या हिंदी फौजांत क्वचितच आढळे.

या शिपायांची परीक्षा लवकरच झाली. २० जून १७९० रोजी पाटणच्या लढाईत इस्माइल बेग आणि राजपूत यांच्या संयुक्त फौजेचा त्यांनी मोड केला. १० सप्टेंबर रोजी मेडता येथे त्याहून बिकट प्रसंग आला. रोहाँ नावाचा एक अधिकारी हुकमावाचून पुढे घुसला आणि फळीत भगदाड पडले. त्या भगदाडातून राठोडांचे स्वार तुटून पडले आणि त्यांनी चोहो बाजूंनी वेढा घातला. तेव्हा द बॉइन्यने पलटणींचा पोकळ चौकोन करवला. चारही अंगांना संगिनी बाहेर आणि मध्ये अधिकारी. राठोडांनी पुन्हा पुन्हा घोडे घातले आणि पुन्हा पुन्हा ते तुटले. त्यांच्या शौर्यात तिळमात्र कमतरता नव्हती. मँटिनियाच्या मैदानावर जे ग्रीकांना कळले होते, तेच येथे पुन्हा सिद्ध झाले. शेजाऱ्याच्या आधाराने उभा राहिलेला साधा माणूस एकट्या वीराला अडवू शकतो.

एवढी सिद्धता झाली, पण तिच्यात एक उणीव राहिली. या फौजेत नाईक होते, हवालदार होते, जमादार आणि सुभेदार होते. शिडी येथवरच होती. त्यावरच्या पायऱ्या युरोपीय अधिकाऱ्यांच्या ताब्यात होत्या. पलटणीचा कप्तान, कंपूचा सेनाधिकारी, सर्वांवरचा सेनापती हे फ्रेंच, इंग्रज, जर्मन, क्वचित मिश्र वंशाचे. कितीही चांगला सुभेदार असला तरी तो कंपू चालवू शकत नसे, कारण ते त्याला कोणी शिकवलेच नव्हते. रोमने आपल्या शिपायातून शताधिपती घडवला. शिंद्यांनी तो भाड्याने आणला.

भाड्याने आणलेला प्रत्येकजण बेइमान असतो असे नव्हे. द बॉइन्यने महादजींची चाकरी निष्ठेने केली. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी पुण्याजवळ वानवडी येथे निवर्तले. त्यानंतर प्रकृतीच्या कारणाने द बॉइन्य १७९५च्या अखेरीस निवृत्त झाला. जाताना त्याने दौलतरावांना इंग्रजांशी युद्ध टाळण्याचा सल्ला दिला असे इतिहासकार सांगतात. पण त्याची निष्ठा महादजींशी होती, दौलतीशी नव्हती. आणि व्यक्तीशी बांधलेली निष्ठा व्यक्तीबरोबर संपते. त्याच्या जागी आलेला पेराँ हा पूर्वीचा खलाशी. त्याच्या काळात दोआबात त्याचेच जणू स्वतंत्र राज्य झाले आणि मराठे सरदार व त्याचे अधिकारी यांच्यातील वितुष्ट वाढत गेले.

१८०३ साली इंग्रजांशी युद्ध पेटले तेव्हा कंपनी सरकारने प्रथम तोफ डागली ती जाहीरनाम्याची. शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्या युरोपीय अधिकाऱ्यांना, विशेषतः इंग्रज प्रजाजनांना, निर्वाहाची हमी दिली गेली. पुष्कळजण गेले. ४ सप्टेंबर रोजी लेकने अलीगडचा किल्ला हल्ला करून घेतला. त्यानंतर काही दिवसांतच पेराँने इंग्रजांकडे सुरक्षित वाट मागितली आणि तो आपली संपत्ती घेऊन निघून गेला. सेनापती गेला; शिपाई तेथेच राहिले.

याच महिन्यात, २३ सप्टेंबर रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आला. केळणा नदी ओलांडून तो डाव्या बगलेवर येऊ पाहत होता. फौजेला तोंड फिरवता येणार नाही असा त्याचा हिशेब होता. परंतु पोलमन या जर्मन अधिकाऱ्याने सबंध फळी काटकोनात वळवून शत्रूसमोर उभी केली. हजारो माणसे आणि त्यांच्या तोफा ऐन वेळी अशा फिरवणे ही युरोपातल्या उत्तम सेनेलाही अवघड गोष्ट होती. तोफांजवळ पडलेले काही गोलंदाज मेल्याचे सोंग घेऊन राहिले आणि इंग्रज पुढे जाताच उठून त्यांनी तोफा त्यांच्या पाठीवर वळवल्या. इंग्रजांची दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. मराठ्यांचे प्रचंड घोडदळ मात्र बव्हंशी लढाईत उतरलेच नाही. पानिपतचा धडा बेचाळीस वर्षांनीही तसाच राहिला. पुढे वॉटर्लूचा विजेता झालेल्या वेलस्लीला आपली सर्वांत उत्तम लढाई कोणती असे विचारले असता त्याने असईचे नाव घेतले, असे प्रसिद्ध आहे.

१ नोव्हेंबर रोजी अलवार प्रांतातील लासवाडी येथे तर अधिकच विलक्षण प्रसंग घडला. तेथे शिंद्यांच्या पलटणींना नेण्यास युरोपीय अधिकारी उरलेच नव्हते. नाईक, हवालदार आणि सुभेदार एवढ्यांच्या बळावर त्या उभ्या राहिल्या आणि तोफा हातच्या जाईपर्यंत गोलंदाज तोफांपासून हलले नाहीत. खुद्द लेकचा घोडा गोळी लागून पडला, त्याचा मुलगा जखमी झाला. लेकने नंतर गव्हर्नर-जनरलला कळवले की असे निकराचे काम त्याने पूर्वी कधी पाहिले नव्हते, आणि या लोकांना फ्रेंच अधिकारी असते तर परिणाम काय झाला असता हे सांगणे कठीण होते. शत्रूची ही साक्ष शिपायांच्या शौर्याला पुरेशी आहे. पण तिच्यातच पराभवाचे कारणही सांगितलेले आहे. जागा धरून मरणे त्या सुभेदारांना साधले. ऐन वेळी वीस तुकड्या वळवून लढाईचे पारडे फिरवणारा, किनोसेफालाईच्या त्या अनामिक अधिकाऱ्यासारखा, त्यांच्यात कोणी होऊ दिला गेला नव्हता. ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि दोआब, दिल्ली, आग्रा हातचे गेले.

येथे रोमचीच दुसरी बाजूही सांगणे न्यायाचे होईल. रोमनेही परक्या लोकांना नोकरीस ठेवले होते. त्यांतील आर्मिनियस हा जर्मन सरदार रोमन सेनेत युद्धकला शिकला आणि इ. स. ९ मध्ये त्यानेच तीन लीजन जंगलात गाठून नष्ट केल्या. तथापि रोम सावरला, कारण सेनेचा कणा त्याचा स्वतःचा होता. शिवाय पंचवीस वर्षे चाकरी करणाऱ्या परक्या शिपायाला रोम आपले नागरिकत्व देई. ज्याने रक्त सांडायचे त्याला घरात जागा देण्याची ही रीत होती. शिंद्यांच्या दरबारात परकी माणसे धनवान झाली, पण या मातीतली झाली नाहीत. आणि या मातीतला शिपाई सुभेदारीच्या वर गेला नाही.

या फौजेचा शेवटचा अध्याय ग्वाल्हेरच्या परिसरातच लिहिला गेला. २९ डिसेंबर १८४३ रोजी शहराच्या उत्तरेस महाराजपूर आणि नैऋत्येस पनिहार येथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. महाराजपूरला गोलंदाज पुन्हा आपापल्या तोफांपाशीच पडले. नंतरच्या तहाने शिंद्यांच्या फौजेला ९००० माणसांची मर्यादा पडली आणि त्यांतही पायदळ ३०००हून अधिक असता कामा नये असे ठरले. ज्या पायदळाची धास्ती होती, त्यालाच कात्री लागली.

ग्रीस, रोम आणि ग्वाल्हेर यांचा हा धागा पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. कवायत ही कोणा एका वंशाची मालमत्ता नाही. झेलमच्या काठी ती शत्रू म्हणून आली, मेडत्यास ती आपली झाली आणि असईच्या रणात तिने इंग्रजांना थक्क केले. तोफा ओतण्याची कला विकत घेता येते, हुकमाचे शब्द पाठ करता येतात, गुरूही परदेशातून आणता येतो; महादजींनी ते सर्व केले आणि त्यात त्यांची दूरदृष्टी होती. फक्त गुरूने शिकवून झाल्यावर त्याची जागा घेणारा शिष्य तयार करावयाचा राहिला. त्या शिष्याचे नाव कोणी विचारले, तर ते शिवाजी महाराजांच्या फौजेच्या शिडीवर पूर्वीच लिहिलेले होते. नाईक हवालदार होई, हवालदार जुमलेदार, आणि जुमलेदाराच्या वरही पायरी असे. लासवाडीच्या सुभेदारांना ती पायरी मिळाली असती, तर त्या दिवसाचा इतिहास निराळा झाला असता की नाही, हे सांगता येणार नाही. परंतु ती मिळण्याची त्यांची योग्यता त्यांनी त्या दिवशी सिद्ध केली, याविषयी त्यांच्या शत्रूलाही शंका राहिली नव्हती.